जोतं किती वर? शामरावनगरच्या अडीच गुंठ्यांच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आठवडाभर अण्णांचे फोन चालू होते, नव्या घराच्या नकाशासाठी आर्किटेक्ट म्हणून आज गेले एकदाची. सांगलीतल्या शामरावनगरच्या आतली गल्ली, अडीच गुंठे, जुनं एकमजली स्लॅबचं घर. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मागणी दोन वाक्यांत संपली: "मॅडम, खाली आमी आन् आज्जी, वर पोरगा. आन् पाडव्याला नारळ फुटला पायजे."

रस्ता दर काही वर्षांनी चढत गेलाय, घर जागच्या जागी राहिलंय. उंबरा ओलांडून आत जाताना चढायच्या ऐवजी उतरावं लागतं. टेप लावून बघितलं, फरशी रस्त्याच्या ८ सेंटीमीटर खाली.

पुढच्या खोलीत दाराच्या चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाखाली चार बोटांवर एक तपकिरी रेघ आहे. दोनदा ऑइल पेंट मारला, तरी ती वर येतेच. २०१९ च्या ऑगस्टची. त्या वेळी आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. तिथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. घरचे सगळे स्लॅबवर जाऊन बसले होते आणि आज्जींना बोटीत घालून नेलं होतं. रेघेची उंची फरशीपासून १.९६ मीटर, म्हणजे रस्त्यापासून १.८८. वहीत लिहून ठेवलं. तेव्हा ते नुसतं कुतूहल होतं.

९ जानेवारी

कागद बघितले. खरेदीखत आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्रही आहे. हे शेवटचं बघून मी खरंच खुर्चीत टेकून बसले. या भागातल्या निम्म्या फायली तिथंच अडतात. शेतजमीन गुंठ्यागुंठ्यानं विकली, रेखांकन मंजूर नाही, घरं मात्र उभी. २०२१ च्या दुरुस्तीनं मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला वाढवून दिली, तरी शेजारच्या दोन घरांनी अजून अर्ज केलेला नाही. अण्णांनी तेव्हाच पैसे भरून घेतले होते. "गाडी चालवायची तर कागद डिकीत पायजेत," असं त्यांचं तत्त्व.

खरेदीखतात २५३ चौरस मीटर. प्रमाणपत्रासोबतच्या नकाशात समोरचा रस्ता ६ मीटर. झोन दाखला आणि भाग नकाशासाठी अर्ज टाकला. मोजणीचाही टाकला.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ खाऊन झाल्यावर बसले आणि सगळा प्लॅन काढून टाकला. तळमजला अधिक एक. आज्जींची खोली पुढं, उन्हाची. वहिनींसाठी मागं शिवणकामाची खोली, चार मशीन बसतील अशी. दर्शनी बाजूला जाळीच्या विटांची एक भिंतही घेतली, मला बऱ्याच दिवसांपासून कुठं तरी घ्यायची होती म्हणून. ड्राफ्ट्समननं रंग भरून दिला. छान दिसत होतं. हीच चूक. झोन दाखला हातात नाही, पातळी माहीत नाही आणि मी जाळीच्या विटा मोजतेय.

१७ जानेवारी

भाग नकाशा आला. रहिवास विभाग, आरक्षण काही नाही. समोरचा रस्ता मात्र विकास आराखड्यात ९ मीटर. आणि प्लॉट निळ्या व लाल पूररेषेच्या मधे.

एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली, त्यातलं कलम परत काढून वाचलं. नदीकाठ ते निळी रेषा प्रतिबंधित पट्टा: बाग, पार्किंग, उघडा भाजीबाजार असल्या गोष्टींखेरीज नवं काही नाही. निळी ते लाल नियंत्रित पट्टा: बांधकाम करता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांनीच येतो असं नव्हे, हे सांगलीकरांना कुणी समजावून सांगायची गरज राहिलेली नाही. २००५, २०१९, २०२१.

सर्व्हेअरला बोलावून पातळ्या घेतल्या. पाटबंधारे विभागाच्या तलांकाशी (ठरवून दिलेल्या उंचीच्या आकड्याशी) जोडून त्यानं सांगितलं, लाल रेषा तुमच्या रस्त्याच्या २.२८ मीटर वर. म्हणजे राहतं जोतं, राहत्या मजल्याच्या फरशीची पातळी, २.७३ वर. माझा तळमजला गेला. आज्जींची उन्हाची खोली गेली.

रात्री अण्णांच्या पुतण्याचा फोन: छोट्या प्लॉटला परवाना लागत नाही म्हणे, आर्किटेक्टनं सही केली की झालं. त्याला म्हटलं, दीडशे चौरस मीटरपर्यंत ती सवलत आहे, त्यापुढं तीनशेपर्यंत आमच्या दाखल्यावर झटपट परवाना मिळायची सोय आहे. पण पूररेषेतल्या जागेवर मी सही ठोकून मोकळी होणार नाही. अर्ज टाकायच्या आधी नगररचनाकारांना भेटून येते.

२१ जानेवारी

भेट झाली. अकराची वेळ होती, पावणेएकला आत गेले. तक्रार नाही, माझ्यापुढं सात जण होते आणि एकाची भिंतीची भांडणं होती.

रंगीत दर्शनी नकाशा मी सवयीनं वर ठेवला. साहेबांनी तो उचलला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आडव्या तीन रेघा मारल्या. खाली रस्ता, मधे लाल रेषा, वर जोतं. मग मधल्या रेघेवर पेन्सिलीचं टोक ठेवून विचारलं, "हा तलांक कुठून आणला?"

"सर्व्हेअरनं दिलाय."

"त्यानं कुठून आणला?"

मला उत्तर नव्हतं. वीस वर्षं या धंद्यात आहे आणि हा प्रश्न मी त्याला विचारलेलाच नव्हता. साहेब म्हणाले, "पलीकडच्या गल्लीची एक फाइल येऊन गेलीय. तिच्यात रस्त्याचा तलांक तुमच्यापेक्षा बराच वर दाखवलाय. दोनांतला एक चुकलाय. तुमचा असंल असं म्हणत नाही, पण बघून घ्या. नाहीतर अर्ज आल्यावर मला तेच विचारावं लागंल, आणि तेव्हा तुमचे दिवस जातील."

भिंतीवरच्या खुणेचं सांगितलं. ती त्यांनी ऐकून घेतली, पण कागदावर चालणार नाही म्हणाले. घरातली रेघ पाणी कुठवर आलं ते सांगते, नियमाला पाटबंधारेनं ठरवलेली पातळी लागते, त्यांच्या पत्रासकट.

रस्त्याचं मी न विचारताच आलं. आराखड्यात ९ मीटर आहे, आज ६ आहे, दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जाणार. समोरचं मार्जिन, म्हणजे सोडायची मोकळी जागा, नव्या हद्दीपासून मोजायचं, आजच्या कुंपणापासून नाही. सोडलेल्या पट्टीच्या बदल्यात एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) मिळतो. आणि क्षेत्र? "खरेदीखतात एक, मोजणीत एक, जागेवर एक. तिन्हींत कमी असंल ते धरायचं. मोजणी आली का?" नाही आली. "मग क्षेत्राचा तक्ता भरायची घाई कशाला केली?"

पुढं शिवणकामाची खोली. "इथं काय चालणार?" मी खरं ते सांगितलं: वहिनी ब्लाउज शिवतात, दोन बायका कामाला येतात. साहेबांनी मान हलवली. घरगुती व्यवसाय निवासी जागेत चालतो, शिवणकामाचं तर नियमातच नाव आहे, पण तो घरातल्या माणसांनी करायचा, पगारी माणसं न ठेवता, आणि मोटार असली तर एकूण भार १ अश्वशक्तीपर्यंत. नकाशात चार मशीन दाखवून आपण होऊन प्रश्न ओढवून घेतलाय. मी म्हटलं, खोलीचं नाव बदलते. ते माझ्याकडं बघत राहिले. "नाव बदलू नका. वापर ठरवा, मग नाव आपोआप येईल." हे लागलं जरा.

शेवटी मी विचारलं, आज बोललात ते धरून चालू का? "हे माझं मत झालं. निर्णय अर्जावर, कागद बघून." ठीक आहे. पण बाहेर आल्यावर जिन्यातच उभी राहून सगळं वहीत लिहिलं, त्यांच्या शब्दांत. उलट्या नकाशावरच्या तीन रेघा फाइलला लावल्यात. जाळीच्या विटा आता त्याच्या मागच्या बाजूला आहेत.

२२ जानेवारी

अण्णांना सांगायचं होतं की खाली फक्त गाडी, तुम्ही वर. जोतं २.७३ च्या खाली नको, वर थोडी सूट धरून ३.०० मीटर. म्हणजे १५ सेंटीमीटरच्या वीस पायऱ्या.

"रॅम्प करा की." करते, पण बाराला एक उतार धरला तर ३ मीटर चढायला ३६ मीटर लांबी लागते आणि प्लॉट मागंपर्यंत पकडून एकवीससुद्धा भरत नाही. रॅम्प दोनदा वळवला तर गाडीला जागा उरत नाही. लिफ्टसाठी भोक सोडून ठेवू, कंट्रोल पॅनेल वरच्या मजल्यावर घेऊ, खालचा खड्डा मात्र पुरात भरणारच.

अण्णा गप्प. मग वहिनींकडून कळलं की खरी धास्ती आज्जींच्या गुडघ्यांची. आज्जी आतून ऐकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मला बोटीत घालताना चौघं लागली. वर असते तर एक बी लागलं नसतं. वीस पायऱ्या चढीन मी. उतरायचं कशाला हाय मला?"

अण्णांनी मात्र एक शंका काढली, आणि ती बरोबर निघाली. "आमच्या रेघंपेक्षा सरकारची रेघ हातभर वर कशी? पानी तर एवढंच आलतं." २.२८ वजा १.८८, चाळीस सेंटीमीटर. हातभरच की.

३० जानेवारी

दुसरा सर्व्हेअर घेतला आणि मी स्वतः स्टाफ, म्हणजे आकडे मारलेली उंच पट्टी, धरून दिवसभर फिरले. पक्क्या बेंचमार्कवरून (उंची ठरलेल्या कायमच्या खुणेवरून) निघून प्लॉटवर आणि तिथून परत त्याच बेंचमार्कवर. बंद फेरीत फरक ४ मिलिमीटर. पातळी पक्की.

आधीच्यानं वाटेतली पायरी म्हणून कोपऱ्यावरच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण धरलं होतं. त्याची जुनी नोंद त्याच्याकडं होती. रस्त्याचा नवा थर पडला तेव्हा ते झाकण उचलून नव्या विटांवर बसवलंय. विटांचे तीन थर जुने काळे, वरचे दोन लाल नवेकोरे, मधल्या सिमेंटवर गवंड्याच्या बोटांचे ठसे. झाकण १८ सेंटीमीटर वर गेलं, वहीतली नोंद खालीच राहिली, आणि आमचा सगळा प्लॉट कागदावर तेवढाच खड्ड्यात गेला. नोंद कधीची आहे हे मी विचारायला हवं होतं, त्याला काय दोष देऊ.

आता लाल रेषा रस्त्याच्या २.१० मीटर वर. अण्णांच्या रेघेपेक्षा वीतभर वर. अण्णा म्हणाले, "वीतभर म्हंजी पटतंय." जोतं किमान २.५५.

गाडीच्या वाटेत बीम आडवा येणार नाही असे कॉलम सरकवले आणि स्लॅबची वरची पातळी २.७० वर आणली. अठरा पायऱ्या. आज्जींना फोनवर सांगितलं, दोन वाचल्या. "दोनच का?" म्हणाल्या.

११ फेब्रुवारी

मोजणी झाली. २४६ चौरस मीटर. सात चौरस मीटर कुठं गेले त्यावर अण्णा आणि मागचे शेजारी तासभर बोलत राहिले, मोजणीदार चहा पिऊन गेलासुद्धा. मागचं कुंपण वाकडं आहे एवढं खरं. भांडायचं नाही असं ठरलं, हे अण्णांचं मोठेपण.

समोरची रुंदी ११.८०, दीड मीटर पट्टी म्हणजे १७.७ गेले. उरले २२८.३. मूळ एफएसआय १.१० नं २५१ चौरस मीटर होतात आणि आम्हाला दोन मजले मिळून २१० पुरेत. स्टिल्टचं, म्हणजे कॉलमवर उचललेल्या घराखालचं, पार्किंग त्यात धरत नाहीत. सगळे एफएसआयसाठी डोकं फोडतात, इथं तो वापरून उरतोय.

१८ फेब्रुवारी

दुसरी भेट, दहा मिनिटं. या वेळी रंगीत काही नेलं नाही. पातळ्यांची फेरी, मोजणी, पाटबंधारेला दिलेल्या अर्जाची पोच आणि एका पानावर पहिल्या भेटीत काय ठरलं त्याचं पत्र. साहेबांनी पत्र वाचलं, "मत" या शब्दाखाली रेघ ओढली आणि आवक करायला सांगितलं. एवढंच हवं होतं. उद्या खुर्चीत दुसरं कुणी असलं तरी फाइलला इतिहास आहे.

एक गोष्ट त्यांनी भर म्हणून सांगितली. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं तोंड पुराच्या पातळीवर घ्या, नाहीतर पूर ओसरल्यावर आठ दिवस तेच पाणी वापरलं जातं. मीटरबोर्डही स्टिल्टच्या भिंतीला नको. अर्ध्या जिन्यातही तो बुडणार, म्हणून वरच्या मजल्याच्या दारापाशी घेतला. महावितरणवाल्याला रीडिंगला चढावं लागेल, चढू दे.

वहिनींचं त्यांनीच सोडवलं. दोघी बायका आपापल्या घरीच हूक आणि फॉल लावतात, कटिंग आणि शिलाई वहिनी घरी करणार. मशीन दोन. नकाशात आता नुसती खोली आहे.

४ मार्च

मातीची तपासणी. तीन मीटरपर्यंत खोदलं तरी काळीच. उन्हाळ्यात भेगा पडतात त्यात बोटं जातात, पावसात फुगून भिंती उचलते. जुन्या घराच्या कोपऱ्यातली तिरकी भेग तिचीच. साधा फुटिंग पाया सोडून खाली फुगीर टोकाचे, अंडररीम पाइल घ्यायचे ठरले. अण्णांचं बजेट इथं हललं. वरच्या मजल्याच्या टाइल्स स्वस्तातल्या.

१२ मार्च

होळीच्या आधी अर्ज ऑनलाइन गेला. नकाशा ठरलेल्या लेयरमध्ये नसेल तर ती प्रणाली तो वाचतच नाही. जिन्याचा लेयर चुकला म्हणून दोनदा परत आला. पाटबंधारेचं पत्र सोबत, २.१० ची पातळी त्यात स्पष्ट लिहिलेली.

अण्णांचा रोजचा प्रश्न, किती दिवस? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात साठ दिवसांची मुदत आहे. परवाना मिळाला की वर्षाच्या आत काम सुरू व्हायला हवं. पाडव्याचा नारळ काही फुटत नाही, हे मी त्यांना आज स्पष्ट सांगून टाकलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. नाराज आहेत.

३० मार्च

पाडवा. अण्णांनी सकाळीच बोलावलं. जुन्या स्लॅबवर गुढी उभी करायच्या आधी कळक रस्त्यावर उभा धरला आणि म्हणाले, दावा आता. मी टेप लावून २.७० वर खूण केली. त्यांनी तिथं लाल दोरा बांधला. आज्जी खुर्ची टाकून अंगणात बसलेल्या, मान वर करून बघत राहिल्या.

"तितनं आयर्विन पूल दिसंल का रं?"

"न्हाई आई. लई लांब हाय त्यो."

"मग पानी आलेलं कळायचं कसं?"

छाननीत एक शेरा आलाय, मार्जिनची दोन मापं जोडून लिहायची राहिलीत. उद्या ईदची सुट्टी. परवा भरते.